फोटो अक्काचा, खोकला केसरचा

केसर आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिबड्या, ज्वारीचे पापड. ज्वारीचा चीक शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापायचा आणि फडकं उचलून खाटेवर उलटं करायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर हेच चालतं. थापणं बायकोचं, फडक्याची टोकं धरणं माझं. मीठ जास्त झालं, असं मी म्हणालो. "तुम्ले काय कळस?" ती म्हणाली, "टांगा हाका तुम्हीन." टांगा विकून मला वर्षं झाली होती. पण भांडायचं म्हटलं की ती मला परत टांग्यावर नेऊन बसवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वय झालं होतं.

दहाव्याला गल्लीतल्या बायका कुजबुजत होत्या. "जुना क्षय होता ना. त्यानंच नेलं शेवटी." मी तिथंच उठून ओरडलो. लोकांना वाटलं म्हातारा दुःखानं चळला. चळलो नव्हतो. केसरला क्षयानं नेलेलं नाही. केसरनं क्षयाला लोळवला आणि वर इतकी जगली, की नातू तिच्या खांद्याला लागला. ती मेली ती तिच्या मरणानं मेली. हे एकदा कागदावर असावं म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी चौथीपर्यंतची, तेव्हा चुकेल तिथं सांभाळून घ्या. दुसरं कारण असं, की आमच्या गल्लीत आजही बाया पदराआड खोकतात आणि दवाखान्यात छातीच्या फोटोच्या खोलीत जायला लाजतात. त्यांनी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

फोटो कोरा आला

पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, त्यानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. धुळ्यात तेव्हा टांगे जोरात होते. माझा टांगा स्टेशन ते सरकारी दवाखाना चालायचा. आजारी माणसं मी रोज वाहायचो, त्यामुळे आजार आपल्या घरी टांग्याशिवाय चालत येईल असं कधी मनातच आलं नाही.

केसरला पावसाळ्यात खोकला लागला. दिवाळी गेली तरी सुटेना. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. मी म्हणालो, दवाखान्यात चल. ती म्हणाली, "माले काई व्हयेल नही." खोकला जास्त झाला की उठून चुलीला फुंकर घालायची, म्हणजे धुराचं नाव पुढं करता यायचं.

माझी थोरली बहीण सोनाअक्का विधवा होऊन आमच्याकडेच राहायची. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट. ती म्हणाली, "उखर्डू, तू टांगा पाह्य. मी लई जास तिले." मला बरं वाटलं. बायकांचं बायकांनी पाहावं. मी दोघींना दवाखान्याच्या फाटकाशी सोडलं आणि लिंबाखाली घोडीला वैरण टाकली. बऱ्याच वेळानं दोघी डोक्यावरून पदर ओढून बाहेर आल्या. फोटो काढला, थुंकी दिली, उद्या बोलावलंय, असं अक्कानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटोची काळी काच उजेडाच्या पेटीवर लावून मलाही दाखवली. डॉक्टर पुण्याकडचे, तरणे, बोलणं स्वच्छ. "छाती साफ आहे. थुंकीतही काही नाही. साधा खोकला आहे, औषध घ्या." मी बाहेर येऊन घोडीच्या मानेवर थाप मारली आणि गल्लीत पेढे वाटले. त्यातला एक पेढा केसरनं खाल्ला. खाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, गोड नको झालं असेल.

राखेवर लाल

औषधाची बाटली संपली, दुसरी संपली. थंडी वाढली. एका सकाळी केसर चुलीतली राख काढत होती. खोकल्याची उबळ आली आणि पांढऱ्या राखेवर लाल पडलं. तिनं पटकन हातानं राख वर ओढली, पण मी दारातच उभा होतो.

मी पुढं झालो. तिला उचललं आणि टांग्यात टाकलं. उचलताना हाताला काहीच लागलं नाही. ज्वारीची पेंढी उचलावी तशी.  अक्का मागून पळत आली आणि चालत्या टांग्यात चढली. वाटभर एक शब्द बोलली नाही. अक्का गप्प, म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डॉक्टरांनी नळी पाठीला लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग कपाटातून जुनी काच काढून आणायला सांगितली. काचेच्या कोपऱ्यात केसरचं नाव, खाली माझं. ती पेटीवर लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"यंत्र म्हणतंय छाती साफ. माझे कान म्हणतात, नाही." मग काचेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, हे गळ्याखालचं आडवं हाड कधी मोडलं होतं?"

केसर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

"हिचं कुठलंच हाड कधी मोडलेलं नाही," मी म्हणालो.

"मोडलंय. वाकडं बसलंय. हा गोळा बघा."

मी पुढं होऊन बघितलं. हाडावर मधोमध गाठ होती, बोरीच्या फांदीला असते तशी. आणि मला ते हाड ओळखता आलं! लहानपणी सोनाअक्का चिंचेवरून पडली होती. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हाड वाकडं बसलं ते बसलंच. सगळं बालपण मी त्या गाठीला चिडवण्यात घालवलं होतं. बायकोच्या नावाच्या काचेत माझी बहीण बसली होती.

"ही आमची अक्का आहे!" मी ओरडलो.

डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले, की या माणसाला आता कुठल्या वॉर्डात पाठवावं. तेवढ्यात दाराआडून अक्काच आत आली.

"हां, मीच शे ती," ती म्हणाली. "तिले लाज वाटे. त्या खोलीमा गडी माणूस, वर चोळी काढानं सांगस. मी म्हनं, म्हातारीले कसानी लाज? नाव पुकारं, मी उठनू."

"आणि थुंकी?"

"ती बी मनीच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो आजी, फोटो तुमचा काढून यांचा आजार कसा कळणार?"

अक्काला हा प्रश्नच विचित्र वाटला. "रेशनले नही का एकीनं कार्ड दुसरी लई जास? साखर तं घरमाच येस ना! फोटो कोनाबी काढा, औषध इलेच भेटी."

बघा, तिचं काय चुकलं? सरकारी खिडकीशी आमचा संबंध रेशनपुरता. नाव पुकारलं की घरातलं कुणीही उठायचं, माल आणायचा. तिला वाटलं फोटो म्हणजे तशीच एक रांग. रांगेत उभं राहायचं तेव्हा औषधाची बाटली मिळते. नणंद भावजयीसाठी रांगेत उभी राहिली, ही तर माया झाली. पण या मायेपायी केसरची छाती थंडीभर आतून पोखरली जात होती आणि आम्ही पेढे वाटत होतो.

डॉक्टर आधी हसले. मग त्यांचं हसू गेलं. काचेवरचं केसरचं नाव खोडून त्यांनी अक्काचं लिहिलं. "आजी, तुमची छाती मात्र ठणठणीत आहे."

"ते माले ठाऊक व्हतं," अक्का म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मी तिला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मेव्हणे गेले तेव्हा.

खरी काच

मग केसरला स्वतःच आत जावं लागलं. ती जाईना. दोन्ही हातांनी बाक धरून बसली. तेव्हा तिथली एक नर्सबाई आली, केरळकडची असावी, मराठी मोडकं बोलायची. तिनं खोलीत दोरी बांधून चादर टाकली. यंत्रवाल्या भाऊंना सांगितलं, तुम्ही तिकडं भिंतीआड कळ दाबा, बाईला मी उभी करते. केसरला म्हणाली, "मैं है ना. श्वास घ्या, धरा, बस." एवढंच. तेवढ्या चादरीसाठी माझी बायको मरणार होती. ज्या दवाखान्यात अशी चादर टाकणारी बाई असेल त्या दवाखान्याला मी देऊळ म्हणतो, कुणाला राग येवो.

यंत्र घुमलं. मध्येच लाइन गेली, आम्ही बसून राहिलो. लाइन आली, पुन्हा घुमलं. काच ओली असतानाच चिमट्याला टांगून बाहेर आणली. त्यावरचं पाणी टपटपत होतं. डाव्या अंगाला वरती पांढरं पांढरं, जसा कुणी कापूस पिंजून ठेवलाय. आम्ही खानदेशातली माणसं, कापूस बघून आम्हाला आनंद होतो. त्या दिवसापासून बरेच महिने मला कापसाच्या जिनिंगच्या दारावरून टांगा नेववेना.

"क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "उशीर झालाय. पण गाडी चुकलेली नाही. औषध आहे. सोडायचं नाही, एवढीच अट."

क्षय हा शब्द ऐकल्यावर मला माझी आई आठवली. तिला गावाबाहेरच्या खळ्यात ठेवली होती आणि तिथंच ती संपली. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "मरेल का?"

"औषध सोडलं तर मरेल. घेतलं तर तुमच्याशी भांडायला परत येईल."

असं बोलणारा डॉक्टर मिळाला, हे आमचं नशीब.

सुया, गोळ्या आणि गल्ली

आधी वॉर्डात ठेवली. सकाळी रोज सुई. सुई टोचून टोचून तिला कुशीवर झोपता येईना. कानात सूं आवाज यायला लागला, डॉक्टरांनी सुईतल्या औषधाचं माप कमी केलं. वॉर्डात उजव्या बाजूची खाट एका सकाळी रिकामी झाली आणि दुपारी भरली. केसर माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे. काही बोलायचं सुचलं नाही की मी तिला घोडीनं आज काय खोड केली ते सांगायचो. खोड नसेल तर बनवून सांगायचो.

अक्काशी मी बोलणं टाकलं. ती डबा घेऊन यायची, मी डबा घ्यायचो, तोंड फिरवायचो. केसरच्या हे लक्षात आलं. एक दिवस मला म्हणाली, "अक्कावर राग नका काढा. मीच सांगेल व्हतं तिले. तुम्हीन बोला तिनासंगे, नाहीतर मी गोळ्या थुंकी टाकसू." रोग्यानं अशी धमकी दिल्यावर काय करणार? संध्याकाळी घरी जाऊन अक्काला म्हणालो, "भाकर वाढ." तिनं वाढली. झालं.

घरी आणल्यावर गोळ्या सुरू झाल्या. घोड्याला घालाव्यात एवढ्या मोठ्या गोळ्या, मूठ मूठ भरून. खाल्ल्या की मळमळायचं. पण आता अक्का फौजदार झाली होती. केसर गोळी घ्यायची, अक्का समोर बसून तोंड उघडायला लावायची. "जीभ वर कर. आते बाजूले." पोलिसानं चोराची झडती घ्यावी तशी. केसर म्हणायची, "मन्ही सासू मरनी, तरी सासुरवास ऱ्हायना!" आणि दोघी हसायच्या. हसता हसता खोकला यायचा, मग अक्का तिची पाठ चोळायची.

गल्ली काय करते ते सांगायला नको. आमच्या ओट्यावर बसणं बंद झालं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण माझा टांगा बघून लोक बोळात वळायचे. नेहमीची माणसं दुसऱ्याच्या टांग्यात बसायची आणि नजर चुकवायची. स्टेशनवर उतरणाऱ्या परक्या माणसांवर घोडीचा चारा निघायचा. मी कुणाला दोष देत नाही. माझ्या आईला खळ्यात ठेवणारे आम्हीच होतो.

एक सांगतो. बरं वाटायला लागलं की खरं संकट सुरू होतं. केसरच्या गालावर मांस आलं, भूक लागायला लागली, आणि ती म्हणाली, आता कशाला गोळ्या? दवाखान्यात लाकडी पेटीत सगळ्या रोग्यांची कार्डं तारखेनं लावलेली असायची. ज्याची तारीख गेली आणि माणूस आला नाही, त्याचं कार्ड पेटीतून वर निघायचं आणि ते घेऊन दवाखान्याचा माणूस सायकलवर घरी यायचा. आमच्या दारात तो आला. केसर दाराआड. तो बाहेरूनच म्हणाला, "अक्का, तुमच्या भावजयीचं कार्ड रडतंय पेटीत." अक्कानं केसरला दंडाला धरून ओढतच नेली.

पिंपळनेरची खिडकी

मुलगी पिंपळनेरला दिलेली. पहिलटकरीण. ती निरोपावर निरोप धाडत होती. केसरची थुंकी तपासली, साफ आली, पुन्हा तपासली, पुन्हा साफ. डॉक्टर म्हणाले, "जा. लेकीपाशी राहा. पण गोळ्या तिथंही चालू." त्यांनी कार्डाची दुसरी प्रत करून दिली आणि पिंपळनेरच्या दवाखान्याला कळवलं. माणूस इथून तिथं गेला तर त्याचा आजारही मागोमाग कागदावर जातो, हे मला नवं होतं. आमच्यात माणूस गाव सोडून गेला की त्याचं सगळं मागं राहतं.

एसटीनं गेलो. पिंपळनेरच्या खिडकीशी गर्दी, डोंगरातून उतरून आलेली माणसं, बाया पाठीला पोरं बांधून. आत कंपाउंडर. त्यानं कार्ड घेतलं आणि वर न बघताच विचारलं, "ही कोण? तूच का बाई? पूर्ण नाव सांग."

मी सांगायला तोंड उघडलं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, सणाला उखाण्यात घेते, तेवढंच. नाहीतर विचारलं तर शेजारणीकडे बघते, पोराला पुढं करते. इतक्या वर्षांच्या संसारात केसरनं उखाण्याबाहेर माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. शिवाय नाव उखर्डू. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून मला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून उचललं, त्यावरून पडलेलं. घ्यायला काही गोड नाव नाही.

केसरनं मला हातानं मागं सारलं. तोंडावरचा पदर पार मागं घेतला, सगळ्या गर्दीसमोर. खिडकीच्या गजाला धरून मोठ्यानं म्हणाली, "केसर उखर्डू. मीच शे. नीट पाही ले भाऊ, दुसरी कोनी नही!"

कंपाउंडरनं वर बघितलं. बघावंच लागलं. मला त्या क्षणी वाटलं, बायको आत्ता बरी झाली. औषधाचं जे व्हायचं ते होवो.

परवा मुलीचा दीर मुंबईहून आला होता. सांगत होता, की तिकडं कॉम्प्युटर नावाचं विजेचं यंत्र आलंय, पुढं म्हणे सगळ्या रोग्यांची कार्डं, फोटो त्याच्या पोटात राहतील, बटण दाबलं की बाहेर. राहू द्या. चांगलंच आहे, पेटीला वाळवी लागते. पण त्या यंत्राच्या मालकांना माझा निरोप सांगा. पोटात घालायच्या आधी समोरच्या माणसाचं तोंड बघा आणि विचारा, बाई, तूच का? यंत्राला काय, जे नाव सांगाल ते ते मानतं.

दोन काचा

मुलीला मुलगा झाला. केसर धुळ्याला परत आली, औषध चालूच. दुसरा पावसाळा गेला, दुसरी थंडी आली. मग डॉक्टरांनी शेवटचा फोटो काढायला सांगितला. केसर आपल्या पायांनी आत गेली. नर्सबाई चादर घेऊन धावली तर तिला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई."

डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर दोन काचा शेजारी शेजारी लावल्या. पहिलीत कापूस. दुसरीत एका बारीक रेघेशिवाय काही नाही.

"ही रेघ?" मी विचारलं.

"जखम भरल्याची खूण. ती राहणार. आजार गेला. गोळ्या बंद."

मी काचेजवळ गेलो आणि गळ्याखालचं हाड नीट बघून घेतलं. सरळ होतं. गाठ नाही. केसरचंच होतं. डॉक्टरांना हसू आवरेना. अक्का मागून म्हणाली, "पाह्य, पाह्य, नीट पाह्य. आते मन्हावर नाव नको." मला मात्र हसता आलं नाही. मी तिथंच स्टुलावर बसून छाती चोळायला लागलो, ते बघून डॉक्टर म्हणाले, आता तुमचा फोटो काढू का?

पेढे मी वाटले नाहीत. एकदा वाटून बघितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीला खरारा केला, पितळ घासलं, टांगा ओट्याशी आणून लावला. केसर नवं लुगडं नेसून आली आणि मागच्या गादीवर चढायला लागली. मी म्हणालो, मागं नाही, इथं पुढं, माझ्या शेजारी. तिथं बायका बसत नसत. ती म्हणाली, "डोकं फिरनं का तुमनं?" पण बसली. पदर डोक्यावर घेतला, तोंड उघडं ठेवलं. गल्लीतून मी टांगा संथ चालीनं नेला, पळवला नाही. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

वळणावर हातात ट्रंक घेतलेला एक परका माणूस उभा होता. त्यानं हात केला. "स्टेशन?"

"भरलाय," मी म्हणालो.

त्यानं मागं वाकून बघितलं. "अहो, गादी तर सगळी रिकामी आहे."

"भरलाय म्हटलं ना."

केसरनं मला कोपरानं ढोसलं. "गिऱ्हाईक कसाले सोडं तुम्हीन?"  मी लगाम सैल सोडला, आणि घोडीला जिकडं जायचं तिकडं जाऊ दिलं.